बेन-हर (१९५९): पूर्ण रुंदीत, मध्यंतरासकट कसा पाहावा

तिसरी घंटा

दिग्दर्शक विल्यम वायलरचा १९५९ चा 'बेन-हर' घरी लावला की पहिल्या दहा मिनिटांत ठरलेल्या तक्रारी येतात. सहा-साडेसहा मिनिटं पडद्यावर एकच चित्र आहे, हलतच नाही. एमजीएम स्टुडिओच्या बोधचिन्हातला सिंह दिसतो पण डरकाळी नाही, म्हणजे आवाज गेला. वर-खाली काळे पट्टे भलतेच जाड आहेत. लांबी कुठे २१२ मिनिटं लिहिलेली असते, कुठे २२२. यातलं काहीही बिघडलेलं नाही, आणि ते बिघडलेलं समजून लोक जे 'दुरुस्त' करायला जातात त्यानेच सिनेमाची वाट लागते. म्हणून हा धागा.

न हलणारं चित्र म्हणजे मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेली आदमाची निर्मिती. त्यावर संगीतकार मिक्लोश रोझाचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं संगीत, वाजतं. संगीत नाटकाची नांदी आपण पुढे ढकलत नाही, तसंच हे. २१२ मिनिटं नुसत्या सिनेमाची, ओव्हर्चर आणि मध्यंतरानंतरचं संगीत धरून २२२. सिंह गप्प आहे कारण पुढचं दृश्य थेट येशूजन्माचं आहे आणि त्याआधी डरकाळी नको असं ठरवलं गेलं. तेव्हा तिथे आवाज वाढवू नका.

आता पट्टे. सिनेमा एमजीएम कॅमेरा ६५ या पद्धतीने ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला. भिंग आडव्या दिशेने चित्र १.२५ पट दाबून फिल्मवर उतरवायचं आणि थिएटरात प्रोजेक्टरचं भिंग ते परत ताणायचं. एरवीच्या ७० मिमी प्रिंटचं प्रमाण साधारण २.२ ला १, त्याला १.२५ ने गुणलं की येतं २.७६ ला १ च्या आसपास. उंचीच्या पावणेतीन पट रुंदी! आपल्या टीव्हीचं प्रमाण १.७८. म्हणजे सिनेमा पूर्ण रुंदीत दाखवायचा तर टीव्हीच्या उंचीपैकी ६४ टक्केच वापरली जाणार.

५५ इंची टीव्ही १२२ सेंमी रुंद असतो. त्यावर चित्राची उंची ४४ सेंमी आणि वर-खाली प्रत्येकी १२ सेंमीचा पट्टा. ४३ इंचीवर चित्र साडेचौतीस सेंमी उंच, ३२ इंचीवर जेमतेम साडेपंचवीस. उपाय एकच, खुर्ची पुढे ओढणे. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर बसा. ५५ इंचीला सहा फूट, ४३ इंचीला पावणेपाच फूट. दिवाणखान्याच्या पलीकडच्या सोफ्यावरून हा सिनेमा पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो आणि मग लोक झूमचं बटण दाबतात.

भिंगरी

झूम केलं तर नेमकं काय जातं? कडेला असतं तरी काय, खांब आणि गर्दी?

तिसरी घंटा

पूर्ण पडदा भरेपर्यंत झूम केलं तर ३६ टक्के चित्र जातं, एका तृतीयांशापेक्षा जास्त. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत तर निम्म्याहून अधिक जायचं.

आणि कडेला खांब नसतात, माणसं असतात. वायलर आणि छायाचित्रकार रॉबर्ट सर्टीस या रुंदीत दोन पात्रं दोन टोकांना उभी करतात आणि मधली जागा रिकामी सोडतात. ज्युडा (ज्यू नायक, म्हणजेच बेन-हर) आणि त्याचा रोमन बालमित्र मेसाला यांच्यात मैत्री असताना ती जागा कमी असते. फितुरांची नावं सांग, असं मेसाला म्हणतो तिथून ती वाढत जाते. झूममध्ये एकाचा अर्धा खांदा आणि दुसऱ्याचं नाक उरतं. रथांच्या शर्यतीत चार घोडे एका ओळीत, त्यांच्या बाजूला आणखी चार. झूममध्ये त्यातली एक चौकडी अर्धी कापली जाते आणि मेसालाच्या चाकाचे दाते कुणाला लागतायत तेच कळत नाही.

तुमच्याकडची प्रत मुळात कापलेली आहे का हे बघायचं तर चित्र थांबवा, मोजपट्टीने रुंदी आणि उंची मोजा, भागाकार करा. २.७५ ते २.७६ आलं तर उत्तम. २.३५ आलं तर दोन्ही बाजू मिळून १५ टक्के चित्र गेलंय. १.७८ आलं तर ती प्रत सोडून द्या. २०११ ची ब्ल्यू-रे मूळ ६५ मिमी निगेटिव्हवरून केलेली आहे आणि २.७६ ची आहे. ती दोन तबकड्यांवर आहे आणि तोडलीय मध्यंतरावरच, त्यामुळे तबकडी बदलणं म्हणजेच मध्यंतर.

चिंचपाणी

आमच्या टीव्हीवर रथांची चाकं कधी उलटी फिरतात, कधी थांबल्यासारखी वाटतात. हे टीव्हीमुळे का?

तिसरी घंटा

उलटी चाकं मूळ सिनेमातलीच आहेत. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. समजा चाकाला आठ आरे आहेत, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये ४५ अंश. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत चाक बरोबर ४५ अंश फिरलं तर पुढचा आरा मागच्याच्या जागी येतो आणि चाक थांबलेलं दिसतं. ४० अंश फिरलं तर डोळ्याला ते ५ अंश मागे आल्यासारखं वाटतं. त्याला इलाज नाही आणि लागतही नाही.

टीव्हीमुळे होतं ते वेगळं. 'मोशन स्मूदिंग' (प्रत्येक कंपनीचं नाव निराळं) चालू असेल तर टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसडतो. खुरं आणि आरे त्याला उमगत नाहीत, मग घोड्यांच्या पायांभोवती पाण्यासारखं थरथरतं. सेटिंगमध्ये जाऊन ते पूर्ण बंद करा. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर', शार्पनेस शून्याजवळ, 'व्हिव्हिड' तर अजिबात नको. कपड्यांतले लाल रंग आधीच गडद आहेत, व्हिव्हिडमध्ये रोमन अंगरख्यांच्या चुण्या दिसेनाशा होतात. आणि एखादी प्रत सगळीच गुलाबी दिसत असेल तर ती जुन्या, विटलेल्या प्रिंटवरून आली असणार. त्या काळच्या ईस्टमन प्रिंटमध्ये निळसर-हिरवी छटा आधी उडते आणि गुलाबी मागे उरते. टीव्हीचे रंग फिरवून ते परत येत नाहीत.

मंद्रसप्तक

आवाजाबद्दल लिहितो, कारण या सिनेमाचं निम्मं काम कान करतात.

७० मिमी प्रिंटवर सहा मार्गांचा चुंबकीय ध्वनी होता. पाच स्पीकर पडद्यामागे, सहावा प्रेक्षागृहासाठी. त्यामुळे पात्र डावीकडे बोललं तर आवाज डावीकडून येतो. घरी ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असेल तर समोरचे डावे-उजवे स्पीकर टीव्हीच्या कडेपासून फार लांब ठेवू नका, नाहीतर चित्र एकीकडे आणि आवाज भिंतीतून. फक्त टीव्हीचे स्पीकर असतील तर 'व्हर्च्युअल सराउंड' बंद करा, संवाद पोकळ होतात.

आवाजाची पातळी ओव्हर्चरवर ठरवू नका. ते दणदणीत आहे, त्यावर बेतलं तर पुढची कुजबूज ऐकू येत नाही. ज्युडा आणि मेसाला पहिल्यांदा भेटतात आणि छताच्या तुळया जिथे एकमेकींना छेदतात तिथे भाले फेकतात, ते दृश्य लावा. संवाद सहज कळतील इतका आवाज ठेवा आणि मग २२२ मिनिटं रिमोटला हात लावू नका. 'नाइट मोड' नको. तो मोठा आवाज दाबतो आणि लहान उचलतो, आणि इथे दोन्हींतलं अंतर हीच गंमत आहे.

रोझाने १९५१ च्या 'क्वो व्हाडिस'पासून रोमन दृश्यांसाठी एक ढंग घडवला होता. ब्रास वाद्यं, आणि सूर एकमेकांच्या समांतर, चौथ्या-पाचव्या अंतराने चालणारे. रोम आलं की तो कडक, दगडी नाद येतो. येशू आला की ऑर्गन. हे दोन आवाज कानात बसले की कुणाची बाजू बोलतेय ते चित्र न बघताही कळतं.

गलबतातलं वल्ह्यांचं दृश्य हेडफोनवर ऐकण्यासारखं आहे. ताल देणारा माणूस लाकडी ठोकळ्यांवर ठोके टाकतोय, रोमन आरमाराचा सेनापती अ‍ॅरियस चढत्या गतीचे हुकूम देतो: लढाईची गती, हल्ल्याची गती, टक्कर देण्याची गती. प्रत्येक हुकमानंतर ठोका आणि वाद्यवृंद एकत्र चढतात. विलंबित, मध्य, द्रुत म्हणा हवं तर, फक्त इथे द्रुत लय आली की माणसं वल्ह्यावर कोसळायला लागतात. अ‍ॅरियस या सगळ्यात एकाच माणसाकडे बघत असतो, ४१ नंबरच्या कैद्याकडे, म्हणजे ज्युडाकडे.

आणि शर्यत. रथांच्या संचलनाला संगीत आहे, भरपूर आहे. शर्यत सुटली की एक सूर नाही. नऊ मिनिटं फक्त खुरं, चाकं, चाबूक आणि गर्दी. इतक्या मोठ्या संगीतकाराला तिथे गप्प बसवलं हा या सिनेमातला सर्वांत धाडसी निर्णय आहे असं माझं ठाम मत आहे. मागे ढोल वाजत असते तर पुढच्या ठोक्यावर काय होणार याचा अंदाज आला असता. इथे येत नाही.

लगाम

शर्यतीवर मी लिहितो.

रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत १८ एकरांवर मैदान बांधलं. सरळ पट्टे १,५०० फुटांचे, शेजारी सरावासाठी तशीच दुसरी धावपट्टी. ७८ घोडे युगोस्लाव्हिया आणि सिसिलीतून आणले आणि ग्लेन रँडलने ते तयार केले. १८ रथ बनवले, एकेकाचं वजन ४०० किलोच्या वर. संचलन वायलरचं. शर्यत अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांनी घेतली.

काय काय अडलं ते वाचलं की शॉट वेगळे दिसायला लागतात. वाळूचा थर जाड झाला तर चाकं रुततात आणि घोडे मंदावतात, म्हणून तो काढून पातळ करावा लागला. लांब पल्ल्याच्या भिंगाला ५० फुटांच्या आतलं स्पष्ट दिसत नव्हतं, म्हणजे कॅमेऱ्याची गाडी रथांच्या इतकी पुढे पळवायला हवी. छोटी इटालियन गाडी आणली, घोडे तिला गाठायचे. जास्त ताकदीची अमेरिकन गाडी आणली, तरी काही सेकंदांचाच फायदा. घोडे हळू पळवणं मार्टनला मंजूर नव्हतं, म्हणून त्याने भिंग बदललं, जवळून स्पष्ट दिसणारं घेतलं. शर्यतीत आपण घोड्यांच्या नाकपुड्यांपाशी बसल्यासारखे असतो ते या अडचणीमुळे.

एक शॉट थांबवून थांबवून बघा. ज्युडाचा रथ मोडक्या रथांवरून उडतो. तिथे नायकाचं काम करणाऱ्या चार्ल्टन हेस्टनऐवजी याकिमाचा मुलगा जो कनट आहे. रथ आपटला तेव्हा तो पुढच्या कठड्यावरून फेकला गेला, घोडे आणि रथ यांच्यामध्ये लोंबकळला आणि धडपडत परत चढला. असं व्हायचं ठरलेलं नव्हतं. हनुवटी फुटली, टाके पडले, बाकी काही नाही. शॉट ठेवला आणि हेस्टन रथात परत चढतानाचा जवळचा शॉट घेऊन मागे जोडला. जोड कळतो का बघा, पहिल्या वेळी कळत नाही.

या शर्यतीत स्टंटमन मेला ही गोष्ट १९५९ च्या सिनेमाबद्दल खरी नाही. १९२५ च्या मूकपटासाठी रोममध्ये चित्रण चाललं होतं तेव्हा मृत्यू झाला होता, तीच गोष्ट इकडे चिकटली. वायलर त्या मूकपटावरही होता, साहाय्यक म्हणून.

शिलालेख

सिनेमा मोठा आहेच, पण इतिहास म्हणून बघणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवतो.

रोमन आरमारात वल्ही मारणारे साधारणपणे साखळदंडातले गुलाम नसत. ते पगारी, स्वतंत्र लोक असत. कैद्यांना वल्ह्याला जखडण्याची पद्धत भूमध्य समुद्रात जोर धरते ती कितीतरी शतकांनंतर. म्हणजे सिनेमातलं शर्यतीखालोखाल गाजलेलं दृश्य चुकीच्या काळातलं आहे. मूळ कादंबरी ल्यू वॉलेसची, १८८० ची. चूक तिथूनच आलेली.

शर्यतीत नऊ फेऱ्या आहेत आणि प्रत्येक फेरीला एक सोनेरी डॉल्फिन खाली झुकतो. रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये, म्हणजे तिथल्या रथशर्यतींच्या मैदानात, फेऱ्या सात असत. मोजायला डॉल्फिन होते हे खरं, अंडीही होती. शर्यतीचे रथ लाकूड-चामड्याचे, अगदी हलके. सिनेमात आहेत ते विजययात्रेत शोभतील असे नक्षीदार आणि वजनी. चाकाला दाते लावून शर्यतीत उतरल्याचा पुरावा नाही. पात्यांचे रथ होते ते पर्शियन फौजांत, लढाईसाठी.

एक गोष्ट मात्र पटते. रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळत आणि पडलो तर कापायला जवळ वाकडी सुरी ठेवत. रथ मोडल्यावर मेसाला घोड्यांमागे फरफटत जातो, तसं खरोखर होत असे.

लगाम

शिलालेख, रथांचं मान्य. पण हलक्या रथांवर ती टक्कर उभी राहिली नसती. दोन चाकं एकमेकांत घुसतात तेव्हा वजन दिसावं लागतं. तिथे इतिहास सोडला हे मला योग्य वाटतं. नऊ फेऱ्यांमुळेही सगळे नऊ रथ एकेक करून ओळखीचे व्हायला वेळ मिळतो.

शिलालेख

टकरीचं पटलं. वल्ह्यांचं नाही, कारण त्या एका दृश्यामुळे रोमन गलबत म्हणजे साखळदंड हे जगभराच्या डोक्यात पक्कं झालं.

रेवदंडा_बंदर

नावातल्या 'बेन'बद्दल. हिब्रूत बेन म्हणजे मुलगा. आपल्या रायगडातले बेने इस्राएल म्हणजे 'इस्राएलची मुलं', शब्द तोच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत.

ज्युडा घरात शिरताना दाराच्या चौकटीला हात लावतो तिकडे नीट बघा. तिथे मेझुझा असते, लहानशा नळीत धर्मग्रंथातल्या वचनांचं चर्मपत्र, आत शिरताना उजव्या बाजूला. बोटं तिला लावून ओठांना लावायची. अलिबागकडे बेने इस्राएलांच्या दारांवर ही दिसते. वाड्यात शिरताना उंबऱ्याला हात लावण्याइतकी ती सहज क्रिया आहे आणि सिनेमात कोणी ती समजावून सांगत बसत नाही, म्हणून नजरेतून निसटते.

घरातल्या ज्येष्ठांबरोबर बघणार असाल तर नावं मराठी बायबलमधली सांगा: यरुशलेम, नासरेथ, पंतय पिलात. इंग्रजी उच्चारांपेक्षा लवकर ध्यानात येतात. उच्चारांचं आणखी एक: वायलरने रोमन पात्रांना बहुतेक ब्रिटिश नट घेतले आणि ज्यू पात्रांना बरेचसे अमेरिकन. राज्यकर्ते कोण आणि प्रजा कोण हे बोलण्याच्या ढंगावरूनच कळावं म्हणून.

चिंचपाणी

मुलांना दाखवावा का? आणि महारोगाचा भाग त्यांना कसा सांगायचा?

मंद्रसप्तक

लहान मुलांसाठी जड जाणारी ठिकाणं: शर्यतीत तुडवली जाणारी माणसं, त्यानंतरचं मेसालाचं मरण, आणि क्रुसावर खिळे ठोकणं. दहा-बारा वर्षांच्या पुढे हरकत नसावी, शेजारी बसा म्हणजे झालं.

कुष्ठरोगाबद्दल आधीच बोला. ज्युडाची आई मिरियम आणि बहीण तिर्झा यांना दरीत लपून राहावं लागतं, लोक दगड घेऊन धावतात. बायबलमध्ये त्या शब्दाखाली त्वचेचे अनेक विकार येतात, आजचा कुष्ठरोगच असं नाही. आज हा आजार सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होत नाही. वरोऱ्याचं आनंदवन मुलांना माहीत असेल तर तिथून सुरुवात करा. न सांगता दाखवलं तर स्पर्शाची भीती तेवढी मुलांच्या मनात राहते.

भिंगरी

शर्यत संपल्यावर अजून बराच सिनेमा उरतो. तिथे थांबलं तर चालेल का?

तिसरी घंटा

नको. शेवटच्या भागाचा एक धागा पहिल्या भागात आहे, तो तुटेल.

नासरेथला कैद्यांची साखळी विहिरीपाशी थांबते. अधिकारी ज्युडाला पाणी द्यायचं नाही असं सांगतो. ज्युडा कोसळतो. एक हात त्याच्या डोक्यावर पाणी ओततो आणि ओंजळभर पाजतो. चेहरा दिसत नाही, पाठ आणि केस फक्त. सबंध सिनेमात येशूचा चेहरा एकदाही नाही. अधिकारी चाबूक घेऊन येतो आणि तो पाठमोरा माणूस उभा राहतो. मग कॅमेरा त्या अधिकाऱ्यावरच थांबतो. चिडलेला माणूस, मग गोंधळलेला. नजर खाली जाते, वर येते, पाठ फिरवतो, परत वळून बघतो. समोरच्याने काय केलं ते आपल्याला फक्त या शिपाईगड्याच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं. संवाद नाही.

शर्यतीनंतर, क्रूस वाहून नेताना येशू पडतो आणि ज्युडा पाण्याचं भांडं घेऊन पुढे होतो. विहिरीवर पाणी पाजणारा माणूस हाच, हे त्याला त्या क्षणी कळतं. शर्यतीशी थांबलात तर विहिरीवरचं दृश्य नुसतं दयेचं दृश्य होऊन राहील.

वेळ नसेल तर दोन संध्याकाळी करा, पण तोडा मध्यंतरावरच. पहिला भाग बराच मोठा, दोन तासांच्या वर. दुसऱ्या दिवशी मध्यंतरानंतरच्या संगीतापासून सुरू करा, पुढे ढकलू नका. आदल्या दिवशीचा सूर परत लागायला ती मिनिटं लागतात.

चिंचपाणी

शेवटचं विचारते. सबटायटल चित्रावर येतात आणि गर्दीच्या दृश्यांत अडचण करतात. ते पट्ट्यात टाकता येतात का?

तिसरी घंटा

बऱ्याच प्लेअरमध्ये 'सबटायटल पोझिशन' असतं, तिथून खाली सरकवा. ५५ इंचीवर खालचा पट्टा १२ सेंमीचा आहे, दोन ओळी आरामात बसतात. अक्षरं पांढरीऐवजी राखाडी करता आली तर करा, काळ्या पट्ट्यातली शुभ्र अक्षरं रात्रीच्या दृश्यांत डोळ्यांवर येतात. प्रोजेक्टरवर बघत असाल तर आधी तपासा: काही लोक २.७६ च्या चित्रासाठी पडद्याचा खालचा भाग काळ्या कापडाने झाकतात, तिथे सबटायटल कापडावर जातील.